मैनेची मनगटी

"हे मूल चालणार नाही, आबाशेट. दुसरं बघा."

डॉक्टर हातवळणे असं म्हणाले तेव्हा माझी मैना त्यांच्या पुढ्यात सतरंजीवर निजलेली होती, आणि मी दाराआड बसून बांगड्यांचे जोड सुतळीत ओवत होते. फुटकी घागर कुंभाराला परत करावी, तसा त्यांचा आवाज होता.

"दुसरं कुठनं आनू एकाएकी?" सासरे म्हणाले. "बाटलीवरचं बाळ म्हंजी माझी नात, असं मी साऱ्या पेठेला सांगून बसलोय."

"म्हणूनच म्हणतो. ते चित्र बघा आणि हे मूल बघा. उद्या बोरन्हाणाला बायका तोंडात बोटं घालतील."

चित्रातलं बाळ कुणा मडमेचं असावं. छापखान्यातल्या माणसानं त्याच्या गालाला काजळाची तीट लावून आणि कमरेला करगोटा बांधून त्याला आपल्यात आणलं होतं. त्याच्या मांड्यांना वळ्या होत्या, हनुवटीला दोन पदर होते. खाली ठसठशीत अक्षरांत 'शिशुरंजन अर्क' आणि त्याखाली तो कशाकशावर चालतो त्याची माळ होती: दात येणं, हगवण, खोकला, मुडदूस, पोटदुखी, रडणं. शेवटी दृष्टसुद्धा होती. डॉक्टर कुठल्या शाळेचे डॉक्टर होते हे कुणी विचारलं नव्हतं. अंगात कोट होता, कोटाला घड्याळाची साखळी होती, तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं होतं.

प्लेग यायच्या आधीची ही गोष्ट. बार्शीच्या पेठेत आमचं बांगड्यांचं दुकान होतं. दुकान पुढं, घर मागं. दसऱ्याला आमच्या दुकानात बांगड्यांच्या शेजारी शिशुरंजनच्या बाटल्या आल्या, कारण बायका जिथं येतात तिथं पोरांचं औषध खपतं हे डॉक्टरांनी बरोबर ओळखलं होतं. बाटली विकायची आणि वर सांगायचं, आमच्या नातीला हेच देतो, चित्र तिचंच आहे. सासऱ्यांना त्यात खोटं बोलल्यासारखं वाटत नसावं. रोज तेच तेच सांगून त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता.

"चंद्रभागेचा रघू चालंल की," आतून आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. "तेलणीचं पोर गुटगुटीत हाय."

"आणा त्याला. काळं झबलं, टोपडं, अंगावर हलव्याचे दागिने. कोण ओळखतंय?" डॉक्टर उठले. "आणि हिला आत ठेवा. आवाज यायला नको."

सासऱ्यांनी दाराकडं तोंड केलं. "सूनबाई, ऐकलंत न्हवं? उद्या मैनीला दोन चमचे द्या. गप पडली पायजे."

त्या काळी सून सासऱ्यांपुढं मान वर करत नसे. मीही केली नाही. खाली मान घालूनच म्हणाले, "न्हाई देनार."

ते आपल्याला नीट ऐकू आलं नाही असं सगळ्यांनी ठरवलं, आणि डॉक्टर जेवायला बसले.

मी एवढी अडून का बसले, ते सांगायला हवं. मला दुकानात बसवलं होतं ते माझ्या हातासाठी. बाईचा हात हातात घेतला, अंगठ्याखालचं हाड जरा दाबलं की कोणत्या मापाची बांगडी चढेल ते मला कळायचं. माझ्या हातून बांगडी सहसा पिचत नसे. बायका तसं बोलून दाखवायच्या आणि मी काही लाजून नाही म्हणायची नाही. बाईचं बोलणं काहीही असो, मनगट खरं सांगायचं. माहेरपणाला आलेली लेक 'सुखात हाय' म्हणायची, आणि गेल्या वर्षीची तिची बांगडी कोपरापर्यंत सरकायची.

मैनेच्या बारशाला तिच्या मनगट्या मीच ओवल्या होत्या. काळे मणी, मधेमधे एखादा पांढरा. दोरा असा ओढायचा की मणी कातडीला नुसते टेकले पाहिजेत. मी गाठ मारायला लागले तशा आत्याबाई उठून आत गेल्या. तान्ह्या पोराच्या मनगट्या भरताना त्या कधीच समोर थांबत नसत, मग पोर गिऱ्हाइकाचं का असेना. मला वाटायचं, बसून बसून त्यांची कंबर धरत असेल.

मनगटी हळूहळू पोराच्या हातात रुतायला लागते. मग आई घाईघाईनं दुकानात येते, आम्ही दोरा कापतो, चार मणी वाढवून पुन्हा बांधतो. आईच्या तोंडावर त्या वेळी जो आनंद असतो तो सोन्याच्या पाटल्या भरतानाही दिसत नाही. श्रावणापर्यंत मैनेची मनगटी मी दोनदा वाढवली. दसऱ्यानंतर वाढवायची वेळच आली नाही.

दसऱ्यापासून तिला रोज संध्याकाळी चमचाभर शिशुरंजन सुरू झालं होतं. आत्याबाई स्वतः पाजायच्या, देवाला दिवा लावून झाला की लगेच. पोरगी रडायची थांबली. दिवसचे दिवस निजून राहू लागली. भूक लागली तरी उठेना, पदराखाली घेतलं तर दोन घोट ओढून मान टाकायची. संक्रांतीच्या तोंडावर एके सकाळी तिला न्हाऊ घालताना मी तेलाचा हात तिच्या मनगटावरून फिरवला, आणि मनगटी माझ्या मुठीत आली. गाठ सुटली नव्हती, दोरा तुटला नव्हता. नऊ महिन्यांच्या पोरीच्या हातातून चार महिन्यांच्या पोरीची मनगटी निसटून आली होती. मी ती पुन्हा तिच्या हातात सरकवली.

मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "आबास्नी विचारून बघ." आबा म्हणाले, औषध चालूच आहे. आत्याबाई म्हणाल्या, "दृष्ट हाय. साऱ्या गावाची नजर त्या बाटलीवर." त्यांनी मीठमोहऱ्या उतरवल्या. चुलीत मोहऱ्या तडतडल्या, आम्ही सगळे ठसकलो, आणि संध्याकाळी पुन्हा चमचा आला.

तर आता तो दोन चमच्यांचा हुकूम. जेवणं झाल्यावर हे माझ्याजवळ आले.

"एवढा एक दिस ऐक," हे म्हणाले. "मग बघू."

"तिच्याकडं एवढा एकच दिस असला तर?"

हे उठून दुकानात गेले. चांगल्या मनाचे होते, पण बापापुढं यांची जीभ टाळूला चिकटायची.

दिवेलागणीला आत्याबाई बाटली आणि चमचा घेऊन आल्या. मी मैनेला पदराखाली घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

"आन इकडं, सगुणे."

"न्हाई."

"मी काय तिची वैरीन हाय व्हय?"

"न्हाई. पन देनार न्हाई."

मी काही वळून बघितलं नाही. मग त्यांची पावलं अंगणात गेली आणि मोरीपाशी काहीतरी ओतल्याचा आवाज आला. मला वाटलं, हात धुतले असतील.

सकाळपासून मैना रडू लागली. अंग ताठ करून, मुठी आवळून, घर डोक्यावर घेऊन रडत होती. सासरे दोनदा दाराशी येऊन दात-ओठ खाऊन गेले. मला मात्र ते रडणं ऐकून बरं वाटत होतं. कित्येक दिवसांनी माझी पोरगी काहीतरी मागत होती. मागत होती आणि दिलेलं ओढून घेत होती.

दुपारी ओट्यावर बोरन्हाणाचा थाट झाला. बाजाराचा दिवस होता, खेड्यापाड्यातून बायका आल्या होत्या, बऱ्याचजणींच्या कडेवर तान्ही पोरं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं निमित्त करून डॉक्टरांनी बाटलीवरच्या बाळाचं बोरन्हाण मांडलं होतं. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, तिळगूळ सगळं सुपात भरून ठेवलेलं. एका बाजूला पेटीत ओळीनं बाटल्या, प्रत्येकीला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं. आलेल्या प्रत्येक सवाशिणीला बाटली वाण म्हणून द्यायची. ही मेख मला तेव्हा कळली. संक्रांतीचं वाण कुणी नको म्हणत नाही. म्हटलं तर अशुभ. घरात गेलेलं वाण मग वापरल्याशिवाय कोण ठेवतं?

मला नऊवारी काळी चंद्रकळा नेसवून पाटाशी बसवलं आणि मांडीवर रघू दिला. टोपडं, झबलं, गळ्यात हलव्याचा हार. हार तो चाटत होता. पुढच्याच रांगेत त्याची आई चंद्रभागा बसली होती, आणि तिला बघून तो सारखा तिच्याकडं झेपावत होता. मी त्याला मागं ओढायची की तो माझ्या हातावर लाथ मारायचा. असलं दणकट पोर मी त्या वर्षात उचललं नव्हतं. आत मैना रडत होती. डॉक्टरांनी सनई-चौघडा सांगितला होता तो त्यासाठीच की काय, देव जाणे.

चौघडा थांबला आणि डॉक्टर उभे राहिले. बोलायला गोड माणूस. मुंबईत कोणकोणत्या बंगल्यात शिशुरंजन जातं, कोणत्या राजेसाहेबांच्या युवराजाला त्यानं मरणाच्या दारातून आणलं, सगळं सांगून झालं. मग ते माझ्याकडं वळले. हे आमचं ठरलेलं होतं. म्हणजे त्यांचं ठरलेलं होतं.

"आता या माउलीलाच विचारू. सांगा बाई, या तुमच्या बाळाला तुम्ही काय पाजलंत?"

मी रघूच्या डोक्यावरचं टोपडं काढलं.

"ह्याला मी कायबी पाजलं न्हाई," मी म्हणाले. "हा चंद्रभागेचा रघू हाय. ह्याला त्याच्या आईनं पाजलं, घाण्याला बसून." आणि मी त्याला चंद्रभागेच्या ओटीत टाकलं.

बायकांत हसू पिकलं. सासरे माझ्या नावानं ओरडले, पण तोवर मी आत गेले होते. बाहेर आले ती मैनेला छातीशी धरून. तिचं तोंड रडून लाल झालं होतं. मी तिला पाटावर बसवलं, ती बसेना, म्हणून मांडीवर घेतलं आणि तिचा हात वर धरला.

"ही माझी मैना. बाटलीवरची म्हणून सांगत्यात ती ही. दसऱ्यापासून रोज चमचाभर पीत होती. बघा."

मी मनगटी बोटानं ढकलली. ती मनगटावरून कोपरावर गेली, कोपरावरून दंडावर गेली. मग हात खाली सोडला. मनगटी घरंगळत आली, बोटांवरून निसटली आणि पाटावर पडली.

मला पुढं बोलावं लागलं नाही. तिथं बसलेल्या बायकांनी जन्मभर बांगड्या भरून घेतल्या होत्या. पोराच्या मनगट्या वाढवून नेल्या होत्या. हसू कुठच्या कुठं गेलं.

"आत व्हा," सासरे म्हणाले. "आत व्हा आधी."

"न्हाई होनार," मी म्हणाले. "काल आत ठेवायला निघाला होता तिला. दोन चमचे पाजून."

डॉक्टरांचा तोल काही सुटला नाही. तसल्या माणसांचा सुटत नाही. त्यांनी हात वर केला आणि माझ्याकडं बघून हळहळल्यासारखी मान हलवली. "बायांनो, बाळाची दशा बघून मलाही वाईट वाटतं. पण दोष औषधाचा नाही. औषध नेमानं द्यावं लागतं. ही बाई दिवसभर दुकानात. कधी दिलं, कधी विसरली. आईच अशी असली तर औषधानं काय करावं?"

आणि मला दिसलं, काहीजणींच्या माना हलायला लागल्या. आईचा दोष म्हटलं की लोकांना लवकर पटतं, बायकांना तर अगोदर. हे दुकानाच्या खांबाला टेकून जमिनीकडं बघत होते.

"मी दिलं."

आत्याबाई दारात उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर ढळला होता, तोही त्यांनी सावरला नव्हता.

"तिनं न्हाई, मी दिलं. रोज. देवापुढं दिवा लावला की लगीच. एक दिस चुकला न्हाई. कालचा सोडून." त्या ओट्यावर आल्या. "माझ्या नेमाला नावं ठेवू नका, डागदर."

"आजीबाई, तुम्हाला यातलं—"

"मला यातलं म्हायती हाय." त्यांनी पेटीतली एक बाटली उचलली, बूच काढलं आणि नाकाशी धरली. "गुळाच्या पाकात घाला, न्हाईतर बडीशेपेच्या अर्कात घाला. हा वास माझ्या नाकातनं गेला न्हाई अजून. अफू हाय ही."

"तू गप बस," सासरे म्हणाले.

"लई वरसं गप बसले." त्या वाकल्या आणि पाटावर पडलेली मनगटी त्यांनी उचलली. "आमच्या गंगीला, माझ्या लेकीला, सासूबाई अफूची गोळी द्यायच्या. मी दुकानात असायची, पोर गप ऱ्हायला पायजे. तिची मनगटी अशीच निघाली. ह्या हातात आली माझ्या. मी ती पुन्यांदा घातली आन वरनं दोरा गुंडाळला, पडू नये म्हनून. दोन दिसांनी पोर निजली ती उठलीच न्हाई." त्या बायकांकडं वळल्या. "पैल्या दिवशीच वास आला होता मला. मी म्हटलं, शिकल्यासवरल्या लोकांचं औषध हाय, त्यात ती कशाला आसंल. मी म्हातारी असून असं म्हटलं. तुमी म्हनू नका."

गंगीचं नाव मी त्या घरात पहिल्यांदा ऐकलं. यांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं. यांनी मान वर केली ती आईकडं बघतच राहिले.

सगळ्यात आधी चंद्रभागा उठली. तिच्या हातात वाणाची बाटली आधीच पडली होती. ती तिनं पेटीत परत ठेवली, सुपातला तिळगूळ तेवढा उचलला आणि आत्याबाईंच्या पाया पडली. मग तिच्या मागची उठली. वाण परत करायला हात धजत नाही. एकदोघींनी ठेवताना बाटलीलाच नमस्कार केला, अशुभ लागू नये म्हणून. पण ठेवली. डॉक्टर मोठमोठ्यानं बोलत होते, काय ते कुणी ऐकलं नाही. शेवटी ते कोटाची बटणं लावत, दिसेल त्या बोळात शिरले. भलताच बोळ होता तो, पुढं गुरांचा कोंडवाडा होता. मी काही त्यांना हाक मारली नाही.

बायका मात्र गेल्या नाहीत. एकीनं आपलं पोर माझ्यापुढं धरलं. "सगुणा, ह्याची मनगटी बघ की गं. आम्हीबी दिवाळीपास्नं तेच देतोय." मी बोट घातलं. सैल होती. तिच्या मागं आणखी एक. मग आणखी. त्या दुपारी मी एकही बांगडी भरली नाही. दिवस कलेपर्यंत पोरांची मनगटं हातात घेत बसले, आणि आत्याबाई शेजारी बसून प्रत्येकीला सांगत होत्या, रडू दे, रडलं तर रडू दे, पदराखाली घे.

रात्रीच्या जेवणाआधी सासऱ्यांनी हुकूम सोडला. "उद्या हिला माहेरी घालव. पोरगी हितंच ऱ्हाईल."

मी बोलणार तेवढ्यात हे बोलले. आयुष्यात पहिल्यांदा बापाच्या तोंडाकडं बघून बोलले. "घालवतो. तिघं जातो."

"आन मी चौथी," आत्याबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "वाढू का जेवायला?"

सासरे ताटावर बसले. माहेरचा विषय पुन्हा निघाला नाही.

उरलेल्या बाटल्या यांनी मोरीत रिकाम्या केल्या आणि गोणीत भरून काचाऱ्याला नेऊन दिल्या. काचारी जुन्या काचेच्या बांगड्या करतो, जाड्याभरड्या, शेतातल्या बायका घालतात तसल्या. पुढं कधीतरी त्याच्याकडून हिरवट बांगड्यांचे जोड आमच्या दुकानात आले. मी ते हौसेनं भरले. कुणाच्या हातात पिचले नाहीत.

मैना लगेच सुधारली असं नाही. आधी ती रात्रंदिवस रडली, मग रडून दमायची, मग प्यायची, मग पुन्हा रडायची. आत्याबाई आणि मी पाळी धरून तिला खांद्यावर घ्यायचो. मी तीच मनगटी पुन्हा तिच्या हातात घातली होती. लहान करून ओवायला आत्याबाई म्हणाल्या, मी ऐकलं नाही. दिवसातनं दहादा पडायची, दहादा शोधून घालायची. सासरे एकदा अंगणातून ती उचलून आणून माझ्यापुढं ठेवून गेले.

शिमगा झाला, ऊन तापायला लागलं. एके सकाळी न्हाऊ घालताना मी मनगटी काढायला गेले तर ती निघेना. तेल लावलं, पाणी लावलं. मैना हात हिसडून ओरडायला लागली.

"थांब," आत्याबाई म्हणाल्या. मला वाटलं, आता उठून आत जातील. त्या उठल्या, दुकानातली कातर घेऊन आल्या आणि माझ्यासमोर पाय पसरून बसल्या. मैनेचा हात त्यांनी आपल्या गुडघ्यावर घेतला. मण्यांच्या मधून कातरीचं टोक घालायला जागा होईना. शेवटी दोरा तुटला आणि काळे मणी न्हाणीच्या दगडावर उडाले.

मनगटावर तांबडा वळ उठला होता. आत्याबाई त्या वळावरून बोट फिरवत राहिल्या. तेल, पाणी, डोळ्यांचं पाणी, सगळं एक झालं होतं.

"रुतली," त्या म्हणाल्या. "बघ सगुणे, रुतली होती."